भिंतीच्या कानात भिकबाळी

ज्ञानेश्वरांनी भिंत चालवली. आमच्या गावाला तेवढं झेपण्यासारखं नव्हतं, म्हणून आम्ही ती रंगवली.

'भिंतीला कान असतात' हे मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. पण आमच्या गावात एसटी स्टँडपासून कृष्णेच्या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून जी लांबलचक भिंत आहे, तिला आता नुसते कान नाहीत. कानात भिकबाळी आहे, ओठांवर मिशी आहे, डोक्यावर फेटा आहे आणि साधारणपणे दर तीन फेट्यांमागे एक नथ आहे. भिंतीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत 'आपला वारसा, आपली ओळख' असं लिहिलेलं आहे. 'ओळख'मधला 'ख' जरा 'रव' असा सुटला आहे, त्यामुळे परगावचा माणूस एसटीतून उतरला की आधी 'आपली ओळरव' वाचतो आणि आपण चुकून दुसऱ्या राज्यात तर नाही ना आलो, म्हणून कंडक्टरकडे पाहतो.

आमच्या गावात एक साप्ताहिक निघतं. ते साप्ताहिक आहे म्हणून दर आठवड्याला निघतंच असं नाही. त्याचे संपादक एके दिवशी माझ्याकडे आले, चहा झाला आणि म्हणाले, "त्या भित्तिचित्राचं तुम्ही रसग्रहण लिहा. गावात दुसरा समीक्षक नाही."

"अहो, पण मी कुठला समीक्षक?"

"म्हणून तर. खरा असता तर मानधन मागितलं असतं."

चित्रकलेशी माझा संबंध विचाराल, तर सरकारी ग्रेड परीक्षांपैकी एलिमेंटरी पास आणि इंटरमीजिएट नापास. वस्तुचित्रात माझा तांब्या कलंडला होता आणि परीक्षकांना तो कलंडलेलाच काढायचा होता हे पटवून देण्याची सोय त्या परीक्षेत नसते. त्यानंतर चौतीस वर्षं पोस्टात काढली. तिथं मी थोर माणसांच्या चित्रांवर रोज शेकड्यांनी काळे शिक्के मारले. समीक्षक याहून निराळं काय करतो, असं मनाशी म्हणालो आणि हो म्हटलं.

"अहो, पण कुणाला दुखवू नका," स्वयंपाकघरातून आमची ही म्हणाली. मराठी समीक्षेला आजवर जी काही दिशा मिळाली आहे ती बहुधा अशीच स्वयंपाकघरातून मिळाली असावी.

आता ज्या भिंतीचं रसग्रहण करायचं तिचा पूर्वेतिहास सांगायला हवा. भिंत नगरपालिकेच्या जुन्या गोदामाची. लांबी दोनशे दहा फूट, उंची नऊ फूट. म्हणजे अठराशे नव्वद चौरस फूट. (पोस्टातली सवय. जे दिसेल त्याचा हिशेब होतो.) माझ्या लहानपणी तिच्यावर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण होता. त्याच्या शेजारी दंतमंजन, मग खत, मग निवडणुका. एका टोकाला 'येथे जाहिराती लावू नयेत' ही सूचना होती आणि ती वाचता येऊ नये इतक्या जाहिराती तिच्यावर होत्या. दुसऱ्या टोकाला 'येथे लघवी करू नये' असं होतं. त्यातला 'नये' दर पावसाळ्यात धुऊन जाई आणि उरलेला संकल्प गाव निष्ठेनं पार पाडी. मग कुणीतरी देवादिकांच्या फरश्या बसवल्या. लोक त्यांना नमस्कार करू लागले आणि चार पावलं पुढे सरकून संकल्प पार पाडू लागले. तेव्हा सार्वजनिक कलेचा आमच्या गावाला अनुभव नाही, असं कुणी समजू नये.

पण ही सगळी अक्षरं, तो त्रिकोण, ती पांढरी दंतपंक्ती काढणारे हात एकाच घराण्यातले. आमचा पेंटर हा त्या घराण्यातला शेवटचा. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरं, जत्रेतल्या तमाशाच्या कनातीवरचे पडदे हे सगळं बापानं केलं आणि मुलगा त्याच्या हाताखाली शिकला. पुढे फ्लेक्स आला. एका रात्रीत वाढदिवसाचा चौक भरून टाकणाऱ्या त्या कापडापुढे ब्रशवाला काय टिकणार? पेंटरनं मोबाइलचं रिचार्ज विकायचं दुकान टाकलं. त्या दुकानाची पाटीसुद्धा फ्लेक्सची होती. ती बघून मला पूर्वी टपालाच्या थैलीत परत आलेली पत्रं बघून वाटायचं तसं वाटलं होतं.

अशात स्वच्छ सर्वेक्षण आलं. २०१६ साली ते सुरू झालं तेव्हा त्यात ७३ शहरं होती. पुढे परीक्षार्थींची संख्या हजारांत गेली आणि आमचं गावही त्या परीक्षेला बसलं. स्वच्छतेच्या परीक्षेत भिंती रंगवायला लागतात, हे आम्हाला शेजारच्या गावावरून कळलं. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात जी-२० ची बैठक झाली, तेव्हा पाहुण्यांच्या वाटेवरच्या भिंती कशा रंगल्या होत्या ते आमच्या नगरसेवकांनी स्वतः पाहिलं होतं. कचरा उचलायचा तर तो रोज उचलावा लागतो, भिंत एकदाच रंगवावी लागते. व्यवहारी माणूस काय निवडील?

भिंतीवर काय काढायचं हे ठरवायला सभा झाली. ज्येष्ठ नागरिकांचा प्रतिनिधी म्हणून मीही होतो. शिवाजी महाराजांबद्दल दुमत नव्हतं. दुमत सुरू झालं ते महाराजांच्या शेजारी कोण यावरून. प्रत्येक पेठेनं आपापला थोर पुरुष आणला होता आणि त्याला किती फूट मिळणार हे लिहून मागितलं होतं. तालमीवाल्यांना पैलवान हवा होता, दिंडीवाल्यांना वारी, शाळेला लेझीम. आमच्या पेठेत दुर्दैवानं कुणी थोर पुरुष झालेलाच नाही. शेवटी मी उठून कृष्णाकाठचं वांगं सुचवलं आणि ते टाळ्यांच्या गजरात मंजूर झालं. साऱ्या भिंतीवर ज्याच्या जातीवरून वाद झाला नाही असं ते एकटंच. अर्थात पुढे, हिरवं काढायचं की जांभळं, यावरून तोही झालाच.

सगळ्यात कडाक्याचं भांडण झालं ते बारा बलुतेदारांवर. बलुतेदार बारा हे सर्वांना ठाऊक. ते बारा कोण याची यादी मात्र मुलखागणिक बदलते. मी वाचनालयातून त्रिंबक नारायण आत्र्यांचा १९१५ सालचा 'गाव-गाडा' आणला. त्या ग्रंथात बलुतेदारीची खोलात जाऊन मांडणी आहे, पण भिंतीवर कुणाला किती फूट हे काही आत्र्यांनी लिहून ठेवलेलं नाही. शेवटी कुणालाच वगळायचं नाही असं ठरलं आणि भिंतीवर चौदा बलुतेदार आले. मग कुणीतरी म्हणालं, बुरूड राहिला. तो कुठल्याच यादीत बसेना, पण भिंतीचा शेवटचा सहा फुटांचा तुकडा मोकळा होता. तिथं बुरूड काढायचं ठरलं. वर मथळा मात्र 'बारा बलुतेदार' असाच राहिला, कारण अक्षरं आधी रंगवून झाली होती.

असो. आता प्रत्यक्ष रसग्रहण.

पहिली गोष्ट, रंग ताजे आहेत आणि महाराजांचा घोडा चांगला साधला आहे. पेंटरच्या बापाचा घोड्यावर हात होता, तो मुलाकडे आला आहे. घोड्याच्या मानेवरून कळतं की हा माणूस जन्मभर पाट्या रंगवत असला तरी त्याच्या बोटांत काहीतरी होतं. वारीतल्या बायकांच्या डोक्यावरच्या तुळशी एकाच मापाच्या आहेत, पण पावलं चालती आहेत. वांगं तर असं उतरलं आहे की आमच्या हिनं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा "भरायला बरं आहे," एवढंच म्हटलं. कलाकृतीला याहून मोठी दाद मी तरी तिच्या तोंडून ऐकलेली नाही.

दुसरी गोष्ट वारलीची. महाराजांच्या घोड्यानंतर आणि घाटाच्या आधी तीस फूट वारली चित्रं आहेत. आमच्या गावापासून डहाणू-जव्हार तीनशे किलोमीटरच्या वर. आमच्या वारशात वारली कुठून आली, असं मी सभेत विचारलं होतं, तेव्हा "ती सगळीकडेच असते," असं उत्तर मिळालं. ते खरं आहे. हल्ली वारली ही भिंतींवरची कोथिंबीर झाली आहे. पदार्थ कुठलाही असो, वरून भुरभुरायची. रेल्वे स्टेशनवर वारली, उपाहारगृहात वारली, चहाच्या कपावर वारली. पण मूळची ती लग्नघरची. गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं बायका लग्नचौक लिहायच्या, त्यात पालघट देवी बसायची आणि तिच्याशिवाय लग्न लागायचं नाही. काम झालं की ते चित्र हळूहळू भिंतीतच विरून जायचं. पुढे १९७० नंतरच्या दशकात जिव्या सोमा म्हसे यांनी ही लेखणी बायकांच्या हातून घेतली, कागदावर आणली आणि जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांच्या रेघेत वाऱ्यानं शेत हलायचं, जाळ्यात मासळी सळसळायची. आमच्या भिंतीवरची वारली माणसं मात्र एकमेकांना धरून गोल उभी आहेत आणि आपण इथं कशाला आलो, हे एकमेकांना विचारीत आहेत.

तिसरी गोष्ट हसण्याची. भिंतीवरचा प्रत्येक माणूस हसतो आहे. सुतार हसतो, लोहार ऐरणीवर घण घालताना हसतो, ज्याला वेशीबाहेर ठेवलं तोही हसतो. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं. ते वाचलेला माणूस या हसऱ्या रांगेपुढे जरा गप्प होतो. खळ्याच्या कडेला उभं राहून वाट्याचं धान्य मागणाऱ्याच्या चेहऱ्यावर इतकं हसू असेल, असं काही मला वाटत नाही. वारसा म्हणजे लग्नातला फोटो नव्हे, की फोटोग्राफरनं 'हसा' म्हटलं म्हणून सगळ्या घराण्यानं हसायचं.

आता कुणी म्हणेल, भित्तिचित्राकडून एवढी अपेक्षा कशाला? तर मुद्दाम सांगतो, आमच्या मुलखाला भिंती रंगवायची सवय जुनी आहे. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. त्याच्या आत भिंतींवर देवादिकांची चित्रं आहेत, आणि ती आतल्या माणसांनी रोज बघण्यासाठी होती, परीक्षकांनी बघून जाण्यासाठी नव्हे. अजिंठ्याची गोष्ट तर विचारूच नका. तिथल्या कलावंतांपैकी एकानंही आपलं नाव ठळक अक्षरांत लिहिण्याचा सोस केला नाही. तो केला जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं. शिकारीला म्हणून आला, लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या अंगावर आपलं नाव नि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून गेला. आमच्या भिंतीवर रंग सुकायच्या आत बदाम काढून त्यात बाण मारणारी जी दोन अक्षरं उमटली, ती या परंपरेतली आहेत, एवढंच सांगतो. आमच्या भिंतीवर ठळक अक्षरांत आणखीही सात नावं आहेत. त्यांत पेंटरचं नाही. ज्यांच्या 'शुभहस्ते', 'संकल्पनेतून' आणि 'प्रयत्नांतून' भिंत रंगली त्यांची आहेत.

भिंत चांगली रंगते कशी, याची दोन उदाहरणं मला ठाऊक आहेत. मुंबईत वांद्र्याला टेलिफोन खात्याच्या इमारतीवर रणजित दहिया या चित्रकारानं २०१४ मध्ये दादासाहेब फाळक्यांचं चित्र काढलं. एवढ्या प्रचंड भिंतीवर माणूस एकच. सिनेमाच्या शहरात, ज्यानं १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढून सिनेमा सुरू केला तो माणूस. बाकी काही सांगायला लागत नाही. आमच्यासारखी समिती तिथं असती तर फाळक्यांच्या शेजारी हरिश्चंद्र, तारामती, रोहिदास, वितरक, थिएटरमालक आणि एक वांगं आलं असतं.

दुसरं उदाहरण माझ्या भाच्यानं सांगितलेलं. तो अमेरिकेत फिलाडेल्फियाला असतो. तिथं १९८४ साली नगरपालिकेनं भिंती खरडणाऱ्या पोरांच्याच हाती ब्रश दिला आणि त्यातून भित्तिचित्रांचा उद्योग उभा राहिला. आतापर्यंत चार हजारांहून अधिक झाली म्हणे. "मामा," भाचा म्हणाला, "तिथं आधी वस्तीत बसून लोकांशी बोलतात. मग चित्र कापडाच्या तुकड्यांवर आखतात, शाळेतली मुलं नाहीतर तुरुंगातले कैदी ते तुकडे रंगवतात, आणि मग ते भिंतीला चिकटवतात."

"आणि ज्याची भिंत त्याला विचारतात?"

"भिंतीसमोर जो राहतो त्यालाही विचारतात."

हे ऐकून मी हसलो होतो. भिंतीसमोर राहणाऱ्याला काय विचारायचं, असं मला वाटलं होतं. माझी ती चूक रसग्रहणासाठी भिंतीच्या शेवटच्या टोकाला गेलो तेव्हा माझ्या लक्षात आली.

शेवटचा तुकडा बुरुडाचा. मिशाळ बुरूड, डोक्याला लाल मुंडासं, पाटावर मांडी घालून बसला आहे, हातात तयार टोपली, दुसऱ्या हातात सुरी, आणि अर्थातच हसतो आहे. मी वहीत 'रंगसंगती उत्तम' असं लिहिलं आणि मागे सरकलो, तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. चित्रात नव्हे, रस्त्यात. मग ध्यानात आलं. इथं जागा मोकळी होती!

याच टोकाला, याच भिंतीला टेकून, माझ्या आठवणीतली पन्नास-साठ वर्षं पाच-सहा बुरुडांची बिऱ्हाडं बसत. उभे बांबू भिंतीला लावलेले, खाली बेळांचा ढीग, सुपं, दुरड्या, पाट्या, हारे. आमच्या लग्नाची सुपं इथली. मुलगा झाला तेव्हा बाराव्याला ज्या सुपात ठेवला ते इथलं. वडील गेले तेव्हा तिरडीचे बांबू पहाटे इथूनच आणले. मावशी उठून बसल्या, बांबू निवडून दिले आणि पैसे नंतर द्या म्हणाल्या. माणूस सुपातून सुरू होतो आणि बांबूवर संपतो, आणि मधल्या काळात ज्याच्याकडे वळूनही बघत नाही असा तो कोपरा.

तो कोपरा गेला कुठे? चौकशी केली. बुरुडाचं चित्र बुरुडांच्या बांबूंआड झाकलं जात होतं, म्हणून त्यांना उठवलं होतं.

मला हे वाक्य दोनदा ऐकावं लागलं. तुम्हीही ते हवं तर पुन्हा वाचा.

मावशी सापडल्या त्या डेपोच्या मागच्या बाजूला, गटाराच्या कडेला, उन्हात. गिऱ्हाइकाला मुद्दाम शोधत यावं लागेल अशी जागा. पायाच्या अंगठ्याखाली बेळं दाबून टोपलीचं बूड विणत होत्या.

"काय मावशी, इकडं कुठं?"

"आमचं चित्तर काडलंय न्हवं तिकडं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "येका जागंला दोन बुरूड कशाला?"

मी खजील झालो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "चित्र बघितलंत का? कसं वाटलं?"

मावशींनी हातातलं काम खाली ठेवलं. पुढची दोन मिनिटं मी जे ऐकलं, तशी समीक्षा मी मोठ्या नियतकालिकांतही वाचलेली नाही.

"दादा, टोपली बुडापास्नं इणत्यात. त्यो बाबा तयार टोपली घिऊन सुरी चालवतोय. तयार टोपलीला सुरी लावतोय, का डोस्कं फिरलंय त्याचं? आन पाय कुटं हाईत? मांडीत घातल्यात. पायानं दाबल्याबिगार बूडच बसत न्हाई. बुरुडाचं निम्मं काम पायाचं हाय. आन पाटावर बसून कोन इणतं? भुईवर बसावं लागतंय." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन समदं झालं तर झालं, पर बाप्या का काडलाय? बाप्ये बांबू आणत्यात, चिरत्यात. इणायला आमी. साट वर्सं इणतीया मी. मला काय मिश्या हाईत का?"

मी वही काढून हे सगळं लिहून घेतलं. 'रंगसंगती उत्तम' खोडलं.

तिथून तडक पेंटरकडे गेलो. वाटलं होतं चांगला खडसावीन. तो दुकानात रिचार्ज करीत बसला होता, बोटांच्या पेरांत अजून लाल रंग होता.

"काय रे, तुझं बालपण त्या कोपऱ्यात गेलं. मावशी विणताना कधी पाहिलं नाहीस?"

"रोज बघायचो, काका."

"मग?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. "चौरस फुटावर पैसे होते, काका. दोनशे दहा फूट, अठ्ठावीस दिवस. सर्वेक्षणवाले यायच्या आत. शेवटचा तुकडा रात्री दिव्याच्या उजेडात केला. मोबाइलवर एक फोटो मिळाला, तो उतरवला. पाय काढायला वेळ लागतो. मांडी घातली की दोन्ही पाय वाचतात." मग तो मोबाइलकडे बघत म्हणाला, "बारा वर्षांनी भिंत मिळाली होती. नको म्हणालो असतो, तर प्रिंट काढून चिकटवणार होते."

आता सांगा, कुणावर शिक्का मारायचा? पोस्टात बरं होतं, समोरचं तोंड कुणाचं हे न बघता मारता येत होता. समीक्षेत तसं नसतं. ज्याचं चित्र चुकलं तो माणूस रिचार्ज विकून घर चालवतो आणि त्याच्या घोड्याची मान अप्रतिम असते. जिचं चित्र चुकलं तिला त्या चित्रासाठी उन्हात बसावं लागतं. आणि ज्यांची नावं ठळक अक्षरांत आहेत त्यांनी ब्रशही धरलेला नाही आणि बांबूही. शिवाय त्या सभेत मी होतो. मी वांग्यासाठी भांडलो, मावशींना बोलवा असं म्हणालो नाही. तेव्हा या रसग्रहणातला एक शिक्का माझ्याही तोंडावर मारून घ्यायला हवा.

मी फक्त वही उघडून मावशींची समीक्षा त्याला वाचून दाखवली. मिशांच्या जागी आल्यावर तो हसला. मग हसायचा थांबला.

सर्वेक्षणवाले आले, दहा मिनिटं भिंत बघितली, फोटो काढले आणि गेले. त्यानंतर आठ दिवसांनी, संध्याकाळी फिरायला गेलो तर शेवटच्या टोकाला पेंटर डबे मांडून बसलेला. समोर मावशी भुईवर बसून टोपलीचं बूड विणत होत्या आणि तो त्यांची पावलं बघून बघून भिंतीवर काढीत होता. "आंगठा जाड काड," मावशी सांगत होत्या. "साट वर्सं दाबलाय त्यो." कुणी सांगितलं नव्हतं, चौरस फुटाचे पैसे नव्हते. पाट गेला, सुरी गेली, टोपली बुडापर्यंत उलगडली. मिशी पुसली. मुंडाशाचा पदर केला. चेहरा मात्र त्यानं तोच ठेवला, त्यामुळे भिंतीवरची बुरडीण जराशी पैलवानासारखी दिसते. पण पाय! साऱ्या दोनशे दहा फुटांत, महाराजांचा घोडा सोडला तर, एवढी खरी गोष्ट दुसरी नाही.

दुसऱ्या दिवशी मावशींनी आपले बांबू परत भिंतीला लावले. परवानगी कुणी दिली, असं मी विचारलं नाही, कारण तोंडी 'बसा' म्हणणारे गावात पुष्कळ आहेत आणि लेखी देणारा मला अजून भेटलेला नाही. मी अर्ज लिहून दिला आहे. त्याची पोच घेतली आहे. पोस्टातला माणूस पोच घेतल्याशिवाय राहत नाही. पुढच्या सर्वेक्षणाच्या वेळी काय होईल ते तेव्हा बघू. तोवर बांबूंच्या आड बुरडिणीचा चेहरा झाकला गेला आहे, खाली पाय तेवढे दिसतात आणि त्या पायांपुढे दुसरे दोन पाय असतात. उन्हं कलली की कुठले रंगवलेले नि कुठले खरे, हे माझ्यासारख्या चष्मेवाल्याला पटकन सांगता येत नाही.

रसग्रहण लिहून संपादकांकडे दिलं. शेवटी भिंतीच्या चित्रकाराचं नाव छापा आणि त्याखाली 'पायांचे मार्गदर्शन' म्हणून मावशींचं, असं मुद्दाम लिहिलं. त्यांनी वाचलं, मान हलवली, म्हणाले, "छान आहे. पुढच्या अंकात घेऊ."

पुढचा अंक अजून निघालेला नाही.